पाला कुजतो कसा, आणि कधीकधी कुजतच का नाही

वाळका पाला कोपऱ्यात लोटला, अधूनमधून पाणी मारलं, आणि सहा महिन्यांनी उकरून पाहिलं तर पानं जवळजवळ जशीच्या तशी. वरची काळपट, आतली कोरडी ठणठणीत. घरच्या बागेत खत करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दुसरी तक्रार अगदी उलटी : पाला आणि भाज्यांची सालं एकत्र टाकली, तर आठवड्याभरात नाक धरायची वेळ आली. दोघांनाही सल्ला मात्र एकच मिळतो, जिवाणूंचं तयार विरजण टाकायचा : "कल्चर घाला." खरं तर या दोन्ही ढिगांत जिवाणूंची वानवा नसते. पानावर, मातीत, हवेत ते असतातच. कमी पडतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते ओळखायचं तर आधी गळलेलं पान म्हणजे नेमकं काय ते पाहायला हवं.

झाड पान टाकतं ते रिकामं करून. गळायच्या आधी हरितद्रव्य आणि प्रथिनं मोडली जातात आणि त्यांतला नायट्रोजन, सोबत फॉस्फरस, फांदीत परत ओढून घेतला जातो. साधारण निम्मा माल झाड असा वाचवतं. पान पिवळं पडतं ते या आवराआवरीमुळेच. सगळं उरकलं की देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सुटतो आणि पान खाली येतं. जमिनीवर पडतो तो मुख्यतः सांगाडा : सेल्युलोजचे धागे, त्यांना कडकपणा देणारं लिग्निन, पृष्ठभागावरचा मेणाचा थर, टॅनिन हे तुरट द्रव्य, आणि कॅल्शियमसारखी परत नेता न येणारी खनिजं. वादळात तुटून पडलेलं हिरवं पान आणि पिकून गळलेलं पान एकाच झाडाची असली तरी खताच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. हिरवं पान पटकन कुजतं, पिकलेलं रेंगाळतं.

यातून आणखी एक गोष्ट निघते, जी आधीच मान्य केलेली बरी. पाल्याच्या खतात नायट्रोजन फार नसतो, टक्का किंवा त्याहूनही कमी. या खताचा खरा उपयोग मातीची घडण सुधारायला होतो. चांगलं मुरलेलं पानाचं खत स्वतःच्या कोरड्या वजनाच्या काही पट पाणी धरून ठेवतं, चिकणमाती मोकळी करतं आणि रेताड मातीला बांधून ठेवतं. एवढ्यासाठी ते करावं. फक्त त्याच्या जोरावर टोमॅटो लगडतील अशी आशा धरली तर निराशा ठरलेली.

कार्बन-नायट्रोजनचा हिशेब

कुजणं म्हणजे कुणीतरी खाणं. जिवाणू आणि बुरशी पान खातात, त्यातल्या कार्बनचा मोठा भाग श्वसनात जाळतात आणि उरलेल्यातून स्वतःचं शरीर बांधतात. जिवाणूच्या शरीरात नायट्रोजनच्या एका भागामागे कार्बनचे साधारण ८ भाग असतात. शरीरासाठी ८ आणि ऊर्जेसाठी त्याच्या दुप्पट म्हणजे १६, मिळून २४. कंपोस्टविषयी कुठेही वाचा, कार्बन-नायट्रोजन प्रमाण २५ ते ३० ला १ असावं हा आकडा भेटतो, त्याचं मूळ इथे आहे. गळलेल्या पानांत हेच प्रमाण बहुधा ४० ते ८० ला १ असतं. भाज्यांची सालं, ताजं कापलेलं गवत १५ ते २० ला १. लाकडाच्या भुशात ते कित्येकशेला १ असतं, म्हणून भुसा घरच्या ढिगात बेतानंच.

म्हणजे नुसता पाला असेल तर जिवाणूंकडे जाळायला भरपूर आहे, पण शरीर बांधायला नायट्रोजन नाही. त्यांची संख्या वाढत नाही आणि ढीग थंड पडून राहतो. उलट नुसती सालं असतील तर नायट्रोजन जास्त होतो, तो अमोनिया होऊन उडतो, आणि पाण्याने चिंब झालेल्या ढिगात हवा न शिरल्यामुळे वेगळेच जिवाणू माजतात. वास त्यांचा.

किती पाल्याला किती ओलं, याबद्दल मात्र सल्ल्यांचा नुसता गोंधळ आहे. कुणी म्हणतं पाला तीन भाग आणि ओलं एक भाग, कुणी म्हणतं ओलं पाल्याच्या दुप्पट. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात, कारण पहिला मापाने बोलतोय आणि दुसरा वजनाने. हिशेब करून बघू.

१ किलो वाळका पाला घ्या, प्रमाण ६० ला १ धरा. त्यात अंदाजे ४८० ग्रॅम कार्बन आणि ८ ग्रॅम नायट्रोजन आहे. आता २ किलो ओला कचरा घ्या. त्यात ८० टक्के पाणीच, म्हणजे सुका ऐवज ४०० ग्रॅम. त्यात कार्बन साधारण १८० ग्रॅम आणि नायट्रोजन १०-११ ग्रॅम. बेरीज केली तर कार्बन ६६०, नायट्रोजन १८-१९ आणि भागाकार ३५ च्या आसपास. कागदावर हे थोडं जास्त वाटेल, पण लिग्निनमध्ये अडकलेला कार्बन लगेच कुणाच्या तोंडी लागत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ३५ चालून जातं. आता पाण्याकडे बघा. ३ किलोच्या या मिश्रणात दीड-पावणेदोन किलो पाणी आहे, म्हणजे ५५ टक्क्यांच्या जवळपास. ढिगाला ५० ते ६० टक्के ओल लागते, तेव्हा वेगळं पाणी घालायचीही गरज नाही. ३० चा आकडा गाठायच्या हट्टाने ओला कचरा साडेतीन किलोवर नेला तर पाणी ६० टक्क्यांच्या पुढे जातं आणि ढीग चिकट होतो. आकड्यांच्या नादात अनेकांचे ढीग नासतात ते असे.

हेच मापाने सांगायचं तर १ किलो सैलसर चुरलेला पाला सुमारे १५ लिटर जागा घेतो आणि २ किलो चिरलेला ओला कचरा चार-पाच लिटर. आला की नाही तीनास एक? काटा बाजूला ठेवा, बादलीने मोजा. पाला तीन बादल्या, ओलं एक बादली. पानं जाड असतील तर ओलं थोडं वाढवायचं, वास आला तर पाला वाढवायचा. याहून जास्त बारकाईची घरच्या बागेला गरज पडत नाही.

स्वयंपाकघरातला ओला कचरा पुरेसा नसेल तर ताजं गवत, तण (बी धरायच्या आत उपटलेलं), शेण किंवा गिरिपुष्पासारख्या झाडाचा हिरवा पाला नायट्रोजनची ती जागा भरून काढतो. गवत घ्यायचं तर त्यावर तणनाशक मारलेलं नाही एवढी खात्री करून घ्यावी. काही तणनाशकं कंपोस्ट होऊनही टिकतात आणि पुढे कुंडीतल्या रोपांची पानं वळवतात.

बुरशीची वाट

लिग्निन सेल्युलोजच्या धाग्यांभोवती घट्ट बसलेलं असतं आणि त्याची रासायनिक रचना इतकी अनियमित असते की बहुतेक जिवाणूंच्या विकरांना तिथे पकडच मिळत नाही. ते फोडायचं काम मुख्यतः बुरशीचं. बुरशी सावकाश काम करते, तिला नायट्रोजन कमी लागतो, उष्णतेचं वेड नसतं. ओल आणि हवा मात्र हवीच, कारण लिग्निन तोडायला ऑक्सिजन लागतो.

म्हणून नुसत्या पाल्याचंही खत होतं, फक्त ते वेगळ्या वाटेने होतं. त्याला बागकामवाले लीफ मोल्ड म्हणतात. पाला ओला करून गोणीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात दाबून भरायचा, सावलीत ठेवायचा आणि त्याची ओल सांभाळायची. बाकी काही नाही. मऊ पानं आणि उबदार दमट हवा असेल तर सहा महिन्यांपासून वर्षभरात काम होतं. जाड पानं किंवा थंड हवा असेल तर दोन वर्षंही लागतात. अर्धवट झालेला असा ढीग उकरून एकमेकांना चिकटलेली दोन पानं सोडवून पाहा. मध्ये पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं दिसेल, काही पानांचा मऊ भाग नाहीसा होऊन फक्त शिरांची नक्षी उरलेली असेल, आणि वास पहिल्या पावसाचा येईल. तो वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. ॲक्टिनोमायसीट्स हे धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू ते तयार करतात. "बुरशी लागली, फेकून देऊ का?" असं विचारणाऱ्यांनी फेकू नये. ती लागली म्हणूनच काम चाललंय.

यात अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, मेणामुळे वाळक्या पानावर पाणी ठरत नाही. पाईपने वरून कितीही पाणी मारलं तरी ते ढिगाच्या वाटा शोधून खाली निघून जातं आणि आतली पानं कोरडीच राहतात. सहा महिन्यांनी जशीच्या तशी सापडलेल्या पानांचं रहस्य बहुतेक वेळा एवढंच असतं. उपाय साधा आहे : भरायच्या आधी पाला टबात किंवा बंद पोत्यात काही तास, जमल्यास रात्रभर, भिजत ठेवायचा. मग मूठभर पाला हातात घेऊन घट्ट पिळायचा. एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडल्यावर पाला भसकन सुटला तर कमी. भिजवलेल्या पाण्याला टॅनिनमुळे गडद तपकिरी रंग येतो. गच्चीत किंवा बाल्कनीत गोणी ठेवणार असाल तर खाली तसराळं ठेवा, कारण फरशीवर पडलेले ते डाग सहजी निघत नाहीत.

दुसरी अडचण थरांची. मोठी सपाट पानं ओली झाली की भिजलेल्या वहीच्या कागदांसारखी एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्यामध्ये हवा शिरत नाही. यासाठी पाला चुरायचा. गवत कापायचं यंत्र असेल तर त्याखाली घाला, नसेल तर पोत्यात भरून वरून काठीने बडवा किंवा तुडवा. कडक उन्हात वाळलेला पाला पाच मिनिटांत चुरतो, तोच दव पडलेल्या सकाळी रबरासारखा वागतो, तेव्हा वेळ बघून हे काम काढावं. चुरल्याने मेणाचं कवच फुटतं, बुरशीला शिरायला कडा मिळतात आणि ढीगही लहान होतो. या कामावर घालवलेला अर्धा तास पुढचे दोन-तीन महिने वाचवतो. एवढी एकच मेहनत करायची तयारी असेल तर हीच करावी.

कुठल्या झाडाची पानं, हा प्रश्न लोक जरा जास्तच मनावर घेतात. चिंच, गुलमोहर, शेवगा यांची पानुली इतकी लहान आणि पातळ असतात की ती चुरायचीही गरज नाही. आंबा, फणस, वड, रबर यांची पानं चिवट. ती चुरून घ्या आणि जास्त वेळ द्या. बांबूच्या पानांत सिलिका भरपूर, सुरूच्या काड्यांना मेण जाड. दोन्ही रेंगाळतात. निलगिरीच्या पानांतली तेलं आणि अक्रोडाच्या पानांतलं जुग्लोन इतर रोपांना बाधू शकतं. पण हवा, ओल आणि सूक्ष्मजीव मिळाले की जुग्लोन काही आठवड्यांत मोडतं. निलगिरीची पानंही इतर पाल्यात थोड्या प्रमाणात मिसळून, नीट मुरू दिली तर चालतात. कडुनिंबाच्या पानांनी जिवाणू मरतील, गांडुळं पळतील अशी भीती घातली जाते. नुसत्या कडुनिंबाचा ढीग करू नये इतकंच, मिसळीत त्याने काही बिघडत नाही. गांडुळं तसंही सुरुवातीच्या ताज्या पाल्याकडे फिरकत नाहीत. टॅनिन उतरलं, पान मऊ पडलं की येतात.

मनावर घ्यायची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे रोगट पानं. तांबेरा, भुरी किंवा काळे ठिपके पडलेला पाला थंड ढिगात टाकला तर रोगाचे बीजाणू त्यात सुखाने टिकतात आणि खताबरोबर परत त्याच झाडाच्या बुडाशी जातात. असा पाला लीफ मोल्डमधून बाहेरच ठेवा. रहदारीच्या रस्त्यावरचा झाडलेला पालाही नको. त्यात धूळ, तेल आणि प्लास्टिकचे तुकडे असतात, आणि ते तुकडे कुंडीत वर्षानुवर्षं सापडत राहतात.

गरम ढीग आणि इंदूरची पद्धत

घाई असेल तर जिवाणूंची वाट. पाला आणि ओलं वर सांगितलेल्या मापात, ओल ५०-६० टक्के, आणि आकार किमान एक घनमीटर, म्हणजे लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी एक मीटर. आकाराची अट उष्णतेसाठी आहे. जिवाणूंच्या श्वसनातून उष्णता निघते. ढीग मोठा असेल तर ती आत कोंडते, लहान असेल तर बाजूंनी निघून जाते. जमला तर ढीग दोन-तीन दिवसांत तापतो आणि मध्यभागी ५५ ते ६५ अंश सेल्सियसवर जातो. या तापमानाला काही दिवस राहिलं की तणांचं बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. पण मरतात ते फक्त मधले. कडा थंडच असतात, म्हणून ढीग परतायचा, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. ७० अंशांच्या पुढे गेला तर कामाचे जिवाणूही मरू लागतात, तेव्हाही परतणं हाच इलाज.

या पद्धतीला शिस्त लावण्याचं मोठं काम इंदूरला झालं. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे प्रमुख होते, आणि यशवंत वाड हे रसायनशास्त्रातले त्यांचे सहकारी. हॉवर्ड यांचं नाव जगभर घेतलं जातं, वाडांचं फारसं घेतलं जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. त्यांनी शेतातला काडीकचरा, पाला, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर लावले, ठरावीक अंतराने तीनदा उलथापालथ केली आणि सुमारे तीन महिन्यांत वापरण्याजोगं खत मिळवलं. इंदूर पद्धत म्हणून ती आजही शिकवली जाते. वेगवेगळा माल मिसळायचा, ओल राखायची, हवा द्यायची, हा तिचा गाभा कुठल्याही परसबागेत लागू पडतो. राख मात्र चिमटीने. ती अल्कधर्मी असते आणि जास्त झाली तर नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. चुन्याचंही तसंच. पाला आम्ल असतो म्हणून चुना घालायला सांगितलं जातं, पण मुरता मुरता खत आपोआप उदासीनतेच्या जवळ येतं.

आता स्पष्ट सांगायचं तर गच्चीवरच्या ड्रममध्ये किंवा दोन क्रेटमध्ये गरम ढीग होत नाही. तेवढ्या मालात उष्णता टिकतच नाही. "तापत नाही, काय चुकलं?" याचं उत्तर बहुधा "काही नाही" असं असतं. खत होतं, फक्त सावकाश होतं आणि त्यात तणाचं बी जिवंत राहतं.

घरच्या बागेसाठी मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो तो तिसरा मार्ग. पानगळ वर्षातून एखाद-दोनदा येते आणि ओला कचरा रोज निघतो. तेव्हा पानगळीच्या दिवसांत मिळेल तेवढा पाला चुरून, कोरडा ठेवून, गोण्यांत भरून ठेवायचा. थोडा भिजवून लीफ मोल्डसाठी वेगळा काढायचा आणि बाकीचा वर्षभर ओल्या कचऱ्यावर टाकायला वापरायचा. एक थर ओल्याचा, त्यावर तिप्पट पाला, आणि वरचा थर नेहमी पाल्याचाच. एवढं पाळलं की चिलटं आणि वास हे दोन्ही प्रश्न जवळजवळ सुटतात. हा साठा नसेल तर ऐन पावसाळ्यात कोरडं काही मिळत नाही आणि ढिगाचा चिखल होतो.

ढीग काय सांगतो

ढिगात मुंग्यांनी घर केलं तर तो कोरडा आहे. आत राखेसारखी करडी-पांढरी भुकटी दिसली तर ढीग तापून कोरडा पडला, पाणी शिंपडून परता. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला वाढवा. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा कोंडली आहे. वाणी, गोम, लहान किडे दिसले तर दिसू द्या. ती सगळी त्याच पंगतीला बसलेली आहेत. जाड, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या मात्र वेचून बाजूला काढाव्यात. त्यांतल्या अनेक निव्वळ कुजलेलं खाणाऱ्या असतात, पण हुमणी मुळं खाते आणि गेंड्या भुंग्याच्या अळ्याही अशाच ढिगात वाढतात. पुढे तो भुंगा नारळाच्या शेंड्यात शिरतो. नारळ असेल तर ढीग उघडा ठेवू नये. पावसात तर तो झाकावाच, नाहीतर पालाश पाण्याबरोबर वाहून जातं.

खत झालं का, हे ओळखायला रंगावर जाऊ नका. भिजलेला पाला दोन महिन्यांतच काळा दिसतो. मूठभर ओलसर खत पिशवीत घट्ट बंद करून तीन-चार दिवस ठेवा आणि उघडून वास घ्या. मातीचा वास आला तर झालं, आंबूस किंवा अमोनियाचा आला तर अजून थांबायचं. शंका उरलीच तर त्यात मोहरीचे दाणे पेरा. ते नीट उगवून हिरवे राहिले तर खत रोपांना घालायला हरकत नाही.

थांबायचं का, त्याचंही कारण त्याच हिशेबात आहे. अर्धवट कुजलेला पाला मातीत मिसळला तर सूक्ष्मजीव आपलं जेवण पूर्ण करायला मातीतला नायट्रोजन उचलतात आणि रोपं पिवळी पडतात. तोच पाला मातीत न मिसळता वर पसरला तर हा त्रास जवळजवळ होत नाही, कारण देवाणघेवाण फक्त स्पर्शाच्या थरात होते. म्हणून अर्धवट झालेलं खत आच्छादन म्हणून वापरावं, दोन-तीन इंचांचा थर, खोडापासून चार बोटं दूर. पूर्ण मुरलेलं खत चाळून कुंडीच्या मातीत साधारण एक तृतीयांश मिसळावं. चाळणीत उरलेल्या शिरा आणि देठ पुढच्या ढिगात जातात. बुरशीने आधीच भरलेलं याहून चांगलं विरजण विकत मिळत नाही.

पाल्याच्या खतावर भरलेल्या कुंडीतली माती वर्षभरात दोन-चार बोटं खाली बसते. त्यात रोपाचा दोष नाही. उरलासुरला कार्बन अजून खाल्ला जातोय आणि वायू होऊन निघून जातोय. तेवढी भर नव्या खताने वरूनच घालावी, मुळं उकरायची गरज नाही. फळभाज्या असतील तर त्यासोबत शेणखत किंवा पेंड द्यावी, कारण नायट्रोजनची उणीव पाला कधीच भरून काढत नाही.